गाडी खालून पाहिली की कळतं, सिआझ काहून चालते

दिग्रसकडच्या एका सरांनी विचारलंय: "घरात पाच माणसं, आईचे गुडघे गेलेले. सात-साडेसात लाखांत जुनी सेडान घ्यायची आहे. कागदावर ह्युंदाईची वर्ना जोरात, होंडाची सिटी नावाजलेली, स्कोडाची स्लाव्हिया मजबूत. तरी आमच्या भागातले लोक फिरून फिरून सिआझवरच का येतात? मारुती आहे म्हणून, की अजून काही?"

सर, दारव्ह्याच्या बाजूला माझं गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली. विकणाऱ्याला गाडी वरून दिसते, घेणाऱ्यालाही वरूनच दिसते. मला ती खालून दिसते. म्हणून उत्तरही खालूनच देतो.

खड्ड्यात उतरून, हातात बॅटरी घेऊन वर पाहिलं की पोटावरच्या ओरखड्यांवरून गाडी कोणत्या रस्त्यानं जाते ते कळतं. पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाला पांढरे चट्टे असतील तर मालक शहरात राहतो, पार्किंगच्या उतारावर घासतो. मधोमध, सायलेन्सरच्या पायपावर आणि दोन्ही उंबऱ्यांच्या, म्हणजे दारांखालच्या पट्टीच्या, कडेला घासलेलं असेल तर गावातल्या ब्रेकरचा प्रताप. सरपंचानं घातलेला ब्रेकर हा आमच्याकडं ब्रेकर नसतोच, तो धुरा, म्हणजे शेताचा बांध असतो. आणि चेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या डब्यावर, लांब, एकसारखी रेघ असेल तर माणूस वावरात गाडी नेतो. पांदणीत ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात, मधला उंचवटा तसाच राहतो, आणि गाडीचं पोट त्यावरून घासत जातं. इकडच्या सेडानवाल्यांच्या दहातल्या सात गाड्यांवर ही रेघ मला दिसते. सेडान घेतली म्हणून वावरात जाणं काही सुटत नाही. मजुरांचा डबा पोचवायचा असतो, मोटार जळली तर वायरमनला न्यायचं असतं.

आता आकडे बघा. सिआझचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, १७० मिमी. सिटीचा १६५. जुन्या वर्नाचाही १६५. म्हणजे फरक पाच मिलिमीटरचा, एक जाड पुठ्ठा. यावर कोणी गाडी निवडत असेल तर वेडाच म्हणायचा. शिवाय स्लाव्हिया आणि तिची जुळी बहीण, फोक्सवॅगनची व्हर्टस, यांचा १७९ आहे. मग तर सगळ्यांनी त्याच घ्यायला हव्या होत्या.

पण हा आकडा रिकाम्या गाडीचा. आमच्याकडं रिकामी गाडी चालते कधी? शेगावला निघाले की पाच माणसं, मांडीवर एक पोट्टं, आणि डिक्कीत बॅगा, पाण्याचा कॅन, येताना वाटेतून घेतलेला तुरीचा अर्धा कट्टा. गाडी मागून तीन-चार बोटं खाली बसते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, कंपनीचा आकडा सोड, घरच्यांना मागं बसव आणि मग चाक आणि मडगार्ड यांच्यात किती बोटं जातात ते बघ. सिआझ इथं बरी निभावते, त्याला एक कारण वजनाचं: पेट्रोल सिआझ हजार-साडेदहाशे किलोच्या घरात, स्लाव्हिया बाराशेच्या आसपास. हलक्या गाडीला पांदणीतून ढकलूनही काढता येतं. हे हसण्यावारी नेऊ नका, पावसाळ्यात दोन माणसांनी ढकलून निघणारी गाडी आणि ट्रॅक्टर बोलवावा लागणारी गाडी यात संध्याकाळचा फरक असतो.

दुसरं कारण टायर. सिआझच्या खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ चा टायर येतो. याचा अर्थ रुंदी १८५ मिमी आणि तिच्या ६५ टक्के उंचीची बाजू, म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंत सुमारे १२० मिमी रबर. वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६, त्याची बाजू १०७ मिमी. अलॉय मोठा दिसतो, फोटो चांगला येतो, पण खड्ड्यात पडल्यावर तेरा मिलिमीटर रबर कमी असतं तिथं रिम वाकते किंवा टायरला बाजूनं फुगा येतो. म्हणून जुनी सिआझ घेताना मी टॉप मॉडेलच्या मागं लागू नका म्हणतो. लोकांना ते पटत नाही. पोरांना अलॉय पाहिजे असतो.

काळ्या मातीचा त्रास कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. आपली कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा होतो. त्या लाटांवर गाडी डोलते, आणि शॉकप, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश यांचा जीव जातो. आणि पावसाळ्यात या मातीचा गारा, म्हणजे चिखल, चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या पोटात थापला जातो. दोन दिवस गाडी उभी राहिली की त्याचा दगड होतो. मग मालक येतो, "भाऊ, साठच्या पुढं गेली की स्टेअरिंग थरथरते, बॅलन्सिंग करून द्या." मी चाक काढतो, खुरप्यानं आतला गारा खरवडतो, कधी कधी एका चाकातून अर्धा किलो निघतो. बॅलन्सिंगचे पैसे घेत नाही, चहा घेतो. सांगायचं कारण असं की हे सगळं सगळ्याच गाड्यांना होतं. प्रश्न एवढाच की झाल्यावर ते नीट करायला किती अंतर जावं लागतं आणि किती पैसे पडतात. माझ्या मते सिआझच्या मागची खरी गोष्ट ही आहे.

सिआझ २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा तिच्यात दोन इंजिनं होती: १.४ पेट्रोल आणि १.३ डिझेल. हे १.३ डिझेल म्हणजे फियाटचं मल्टिजेट. तेच इंजिन स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, अर्टिगात, ब्रेझात, आणि टाटाच्या व्हिस्टामध्येसुद्धा. देशभर चाललेलं इंजिन. आमच्या तालुक्यातला जो पोरगा पाना धरायला शिकला तो या इंजिनावरच शिकला. त्याचा टर्बो, त्याची टायमिंग चेन, त्याचे इंजेक्टर, कुठं काय वाजतं हे अंधारातही कळतं. सुट्टे भाग यवतमाळला मिळतात, नाही तर सकाळी अमरावतीहून एसटीच्या पार्सलनं निघालेला डबा संध्याकाळी माझ्या टेबलावर असतो. २०१८ मध्ये पेट्रोल बदलून १.५ लिटरचं आलं, १०५ पीएसचं, तेही अर्टिगाचंच. म्हणजे मोठी, लांब, साडेचार मीटरची सेडान घेतली तरी तिचं पोट डिझायर-अर्टिगाचं. मालकाला ऐट सिटीची मिळते, आणि बिल डिझायरच्या जवळ येतं.

याच्या उलट काय होतं त्याची एक हकीकत सांगतो. गाडीचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही. कृषी केंद्रवाल्या एका मित्राची जोरदार सेडान होती. जुलैमध्ये मानोऱ्याच्या बाजूला पांदणीत दगड चेंबरला लागला, तेल गळालं. त्यानं दिवा पाहिला, गाडी लगेच बंद केली, शहाणपणा केला. चेंबर आणि त्याच्यातला एक सेन्सर एवढाच माल पाहिजे होता. मोठ्या शहरातून माल यायला सतरा दिवस लागले. पेरणीचे दिवस, दुकानात गर्दी, आणि हा माणूस सतरा दिवस भाच्याच्या मोटारसायकलवर बियाणं पोचवत होता. गाडी वाईट नव्हती, सर. चालवायला तर सिआझपेक्षा कितीतरी सरस. पण तिनं पुढच्या वर्षी गिऱ्हाईक गमावलं, आणि तो माणूस आता कोणाला गाडी सुचवतो ते सांगायला नको. गावात एक माणूस सतरा दिवस मोटारसायकलवर दिसला की ते चाळीस लोक पाहतात. जाहिरातीवर होणारा खर्च त्यापुढं काहीच नाही.

सिटीबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण ती गाडी मला मनापासून आवडते. सिटी आपल्याकडं १९९८ पासून आहे. तिचं १.५ पेट्रोल इंजिन मी फार कमी वेळा खोललंय, कारण खोलायची वेळच येत नाही. वेळेवर तेल बदललं तर दोन लाख किलोमीटरला हात लावायचं काम नाही. पाचवी पिढी २०२० मध्ये आली, १२१ पीएस, डिक्की ५०६ लिटर. पण दोन अडचणी. एक, बाहेरच्या पत्र्याचे आणि दिव्यांचे भाव ऐकले की माणूस गप्प होतो, आणि आपल्याकडं रानडुक्कर, रोही (नीलगाय), रात्रीचा बिनदिव्याचा ट्रॅक्टर यांना काही कमी नाही. दोन, महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला इथं डिझेल पाहिजे असायचं, आणि सिटीला डिझेल मिळालं २०१४ मध्ये, तोवर इकडच्या लोकांच्या तोंडी वर्ना बसली होती, आणि त्याच वर्षी सिआझही आली. तुम्ही महिन्याला हजार किलोमीटरसुद्धा फिरत नसाल आणि गाडी फक्त डांबरावर राहणार असेल, तर मी तुम्हाला जुनी सिटीच घ्या म्हणेन. इथं माझे गिऱ्हाईक माझ्यावर रागावतात, पण ते खरं आहे.

वर्नाचं १.६ डिझेल, १२८ पीएसचं, हे आमच्या भागातल्या ठेकेदारांचं लाडकं. नागपूर दोन तासांत असं सांगणारे सगळे त्याच गाडीचे. २०११ ची फ्लुइडिक वर्ना अजूनही यवतमाळच्या, एमएच २९ च्या पाटीवर दिसते. पण वेगानं चाललेली गाडी ही वापरलेली गाडी असते. जुनी घेताना क्लच, टर्बो आणि मागचे शॉकप तपासूनच घ्यायची.

आता तुमच्या आईकडं येतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. गाडी चालवणारा वरचढ नसतो, मागं बसणारी माय वरचढ असते. सेडान मुळात खाली बसायची गाडी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली जाऊन बसणं त्रासाचं, आणि उठणं त्याहून. त्यात सिआझचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६५० मिमी, जुन्या सिटीचा आणि २०१७ च्या वर्नाचा २६००. हे पन्नास मिलिमीटर थेट मागच्या माणसाच्या गुडघ्यापुढं येतात. त्यामुळं पाय आधी आत टाकून मग बसता येतं, किंवा आधी बसून मग दोन्ही पाय फिरवून आत घेता येतात. दुसरी पद्धत गुडघ्याला बरी. मागं एसीचं तोंड आहे, तेही महत्त्वाचं, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि दुपारी उभी राहिलेली गाडी भट्टी असते. मात्र लांब व्हीलबेसचा तोटाही आहे: उंच ब्रेकरवर पुढचं चाक उतरतं, मागचं अजून वर चढलेलं नसतं, आणि पोट मध्ये टेकतं. सिआझवाल्यानं असा ब्रेकर सरळ घ्यायचा नाही, तिरका घ्यायचा, एकेक चाक चढवायचं. नवा ड्रायव्हर हे शिकेपर्यंत दोनदा घासतोच.

एसीची एक गोष्ट राहिली. जिनिंगच्या शेजारी राहणाऱ्यांच्या गाड्या डिसेंबर-जानेवारीत येतात, तक्रार एकच, "एसी थंड नाही करत." बंपरच्या मागं कंडेन्सर पाहिला की त्याच्यावर कापसाच्या रेशांची पांढरी गोधडी बसलेली असते, त्यात फुफाटा, त्यात किडे. मऊ ब्रश आणि कमी दाबाचं पाणी, अर्ध्या तासाचं काम. गॅस भरायची गरज नसते. ज्या गाडीचा कंडेन्सर बंपर न काढता धुता येतो ती गाडी मला प्रिय. आणि घरात कापूस रचला की उंदीर आलेच. वायरिंग कुरतडायला त्यांना कंपनी कळत नाही, पण जितकी इलेक्ट्रॉनिक गाडी तितकं बिल मोठं, हे मात्र खरं.

एक माझी स्वतःची चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची सेडान फार घासायची म्हणून मी स्प्रिंगवर उंची वाढवायचे स्पेसर टाकून दिले. गाडी दिसायला चांगली उभी राहिली, तो खूश. तीन महिन्यांत एक्सलचं रबरी बूट फाटलं, ग्रीस सांडलं, टायर आतून खाल्ले गेले. चाकांचा कोन बदलला होता आणि मला ते आधीच कळायला हवं होतं. पैसे मी परत केले, स्पेसर कोपऱ्यात अजून पडलेत. म्हणून घासते म्हणून उंच करून देतो, असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून निघा. सिआझचा क्लिअरन्स आहे तितकाच ठेवा आणि ड्रायव्हरला शिकवा.

आता सिआझच्या विरोधात जे आहे तेही सांगितलं पाहिजे. समृद्धी महामार्ग २०२५ च्या ५ जूनला पूर्ण झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आणि कारंज्याहून आपण त्याच्यावर चढतो. तिथं कारला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला सिआझ चालते, पण हलकी असल्यानं बाजूनं ट्रक गेला की स्टेअरिंगला जाणवतं. स्लाव्हिया, व्हर्टस रुळावर असल्यासारख्या जातात. शिवाय २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत स्लाव्हिया, व्हर्टस आणि नवी वर्ना या तिघींना पाच तारे मिळाले, आणि जुन्या सिआझमध्ये एअरबॅगा दोनच. पोरगं दर आठवड्याला पुण्याहून गाडीनं येणार असेल, तर माझ्या सांगण्यावर विसंबू नका, जड आणि जास्त तारेवाली घ्या, आणि सर्व्हिससाठी नागपूर-अमरावतीची सवय लावून घ्या. समृद्धीवर निघण्याआधी टायरची हवा थंड असताना बघायची, हे मात्र कोणत्याही गाडीला. सिमेंटच्या तापल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर आतून गरम होऊन फुटतो, आणि तिथं दोन सेकंदांचाही वेळ मिळत नाही.

नवी का नको, असं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. सिआझ नवी मिळतच नाही, २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. बाकीच्या चार मीटरपेक्षा लांब असल्यानं त्यांच्यावर आता ४० टक्के जीएसटी, आणि डिझायरसारख्या छोट्यांवर १८. २२ सप्टेंबर २०२५ आधी हेच ४५ आणि २९ होतं. दोन्हीकडं कमी झालं, पण दरी वाढली. म्हणून मोठी सेडान पाहिजे आणि खिसा मर्यादित असेल तर जुनीच.

कंपनीनं बंद केलेली गाडी घ्यावी का? इंजिनाची, गिअरची, ब्रेकची चिंता नाही, ते भाग इतर मारुती गाड्यांमुळं वर्षानुवर्षं मिळतील. काच, बोनेट, पुढचे दिवे, बंपर यांचा भरवसा पाच-सात वर्षांनंतर मी देत नाही. तुमचं बजेट बघता २०१८ नंतरची १.५ पेट्रोल बघा. त्यात इंजिनाला हात देणारी छोटी हायब्रिड व्यवस्था आहे, तिची लिथियम बॅटरी पुढच्या सीटखाली असते. ती मेली तर बिल मोठं, म्हणून घेण्याआधी स्कॅनर लावून तिची तब्येत बघायचीच. बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमातल्या) मॅन्युअल गाडीचा कंपनीचा आकडा लिटरला २०.६५ किलोमीटर, आमच्या रस्त्यांवर चौदा ते सोळा धरा आणि खूश राहा. डिझेल घ्यायचं असेल तर महिन्याला निदान दोन हजार किलोमीटर पाहिजेत. सीएनजी बसवायचा विचार असेल तर आधी तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का ते बघा, आणि डिक्की गेली असं समजा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. ब्रेकचं पॅडल आणि ड्रायव्हरच्या सीटची उजवी, दाराकडची कड बघा, साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं पॅडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

आणि एक चाचणी जी मी प्रत्येकाला करायला लावतो. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, डबीतला चुना असतो ना, तो पाण्यात पातळ करून गाडीच्या पोटाला लावायचा: चेंबरखाली, दोन्ही उंबऱ्यांच्या कडेला, मागच्या सायलेन्सरजवळ. मग तुमच्या घरची पाच माणसं बसवून तुमच्या स्वतःच्या पांदणीतून आणि गावच्या ब्रेकरवरून गाडी न्यायची. परत आल्यावर जिथला चुना पुसला गेला तिथं ही गाडी तुमच्या रस्त्यावर आयुष्यभर घासणार. उंबऱ्याचा गेला तर चालेल, तिरकं चढवायला शिका. चेंबरचा गेला तर ती गाडी परत द्या, मग ती सिआझ असो की आणखी कुठली.

पक्की करायच्या आधी गाडी घेऊन या. आईलाही आणा, त्यांना मागं बसवून मी खाली जातो. चुना माझ्याकडं आहे.